पुढचा शॉकअप गळतोय? सील आणायच्या आधी पाइप बघा

माझ्या दीडशे सीसीच्या गाडीचा डावा शॉकअप एका वर्षात तीनदा गळला. तिन्ही वेळा मी गाडी गॅरेजला लावली, तिन्ही वेळा नवीन सील पडलं आणि तिन्ही वेळा दोन-अडीच महिन्यांत पाइपवर तेलाचं कडं पुन्हा दिसलं. चौथ्यांदा पैसे द्यायचं जिवावर आलं म्हणून रविवारी अंगणात पोतं टाकून मीच उघडायला बसलो. डस्ट सीलच्या वर चार बोटांवर, पाइपच्या मागच्या बाजूला, तिळाएवढा गंजाचा खड्डा होता. बोट फिरवलं तर कळायचा नाही, नख फिरवलं की टक् करून अडकायचा. प्रत्येक खड्ड्यात आणि प्रत्येक गतिरोधकावर तो तीळ सीलच्या ओठावरून, म्हणजे पाइपला चिकटणाऱ्या आतल्या कडेवरून, वर-खाली जात होता. असल्या पाइपवर सोन्याचं सील बसवलं असतं तरी टिकलं नसतं.

त्यानंतर स्वतःचे आणि गल्लीतल्या पोरांचे मिळून बरेच शॉकअप उघडले. पहिल्यांदा करताना मी जिथं जिथं अडकलो, ते सगळं खाली लिहिलंय.

आधीच सांगतो, हे सगळं साध्या टेलिस्कोपिक शॉकअपसाठी आहे: वर चकचकीत क्रोमचा पाइप, खाली ॲल्युमिनियमचा बॉटम. स्प्लेंडर, शाइन, युनिकॉर्न, पल्सर १५० अशा गाड्यांना तेच असतात. तुमच्या गाडीला उलटे शॉकअप असतील, म्हणजे जाड भाग वर आणि चकचकीत पाइप खाली, तर पहिला प्रयोग त्यांच्यावर करू नका. त्याला वेगळी हत्यारं लागतात.

१. नक्की काय बिघडलंय ते आधी ठरवा

शॉकअपच्या आत फार काही नाही. पाइप बॉटमच्या आत सरकतो, मध्ये स्प्रिंग, खाली बारीक भोकांची एक नळी (पार्टवाले तिला सीट पाइप म्हणतात) आणि तेल. गाडी खड्ड्यात गेली की स्प्रिंग दबते. ती पुन्हा उसळू नये म्हणून तेल त्या भोकांतून रेटून जातं आणि तिचा जोर मारतं. बॉटमच्या तोंडाशी ऑइल सील असतं, ते तेल आत धरतं. त्याच्यावर डस्ट सील, ते चिखल बाहेर ठेवतं. स्प्रिंगनं वजन पेलायचं आणि तेलानं तिला आवरायचं, एवढंच गणित.

आता लक्षणं. ब्रेक मारला की गाडी नाकावर बसते, खड्ड्यातून बाहेर पडल्यावर पुढचं चाक दोन-तीनदा डुलतं, म्हणजे तेल पातळ किंवा कमी झालंय. पाइपवर तेलाचं ओलं कडं, त्यावर धूळ बसून काळा लगदा, म्हणजे सील गळतंय. खड्ड्यात "ठक्क" आवाज येत असेल तर जरा थांबा. पुढचा ब्रेक धरून गाडी पुढं-मागं हलवा आणि दुसऱ्या हाताची बोटं हँडलखालच्या टीजवळ ठेवा (टी म्हणजे दोन्ही शॉकअप जिथं आवळलेले असतात तो आडवा भाग; एक वर, एक खाली). खेळ तिथं लागला तर दोष कोन सेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा आहे. शॉकअप उघडून काहीच हाती लागणार नाही. बोटं डस्ट सीलवर ठेवल्यावर पाइप बॉटममध्ये हलताना जाणवला, तर आतले बुश (पाइप ज्यांवर सरकतो ती कडी) किंवा बॉटम झिजलाय.

कोल्हापूरची एक खास भानगड. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी गावात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या दोन-दोन, चार-चार दिवस बुडाल्या. पाणी ओसरल्यावर सगळ्यांनी इंजिन ऑइल बदललं, कार्बोरेटर साफ केला, वायरिंग वाळवलं. पुढच्या शॉकअपची आठवण कुणाला झाली नाही. शाहूपुरीतल्या एका मित्राची गाडी मी पुरानंतर दोन वर्षांनी उघडली, तर आतून तेल नाही, कटिंग चहा निघाला. तसाच रंग, तसाच दाटपणा, आणि सीट पाइपवर गंज. बुडालेली गाडी घेतली असेल किंवा तुमचीच बुडाली असेल, तर गळायची वाट न बघता उघडा.

२. फुकटचा उपाय आधी करून बघा

पावसाळ्यातला लाल चिखल आणि गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेली शेतातली माती पाइपवर वाळते. सकाळी गाडी काढली की ती वाळलेली माती सीलखाली ओढली जाते. बऱ्याचदा सील फाटलेलं नसतं. ओठाखाली वाळूचा एक कण अडकलेला असतो आणि तेवढ्या फटीतून तेल येतं.

जुन्या एक्स-रेच्या फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापा, तिच्या एका टोकाला आकड्यासारखी खाच करा. स्क्रू ड्रायव्हरनं डस्ट सील हळूच वर उचला, पाइप आणि ऑइल सील यांच्या मध्ये पट्टी सरकवा, पाइपभोवती फिरवा आणि वर ओढा. काळी घाण येईल. दोन-तीनदा करा, पुसा, ब्रेक धरून गाडी दहा वेळा दाबा. गळती थांबली तर तुमचा रविवार मोकळा. पट्टीसाठी पत्रा किंवा ब्लेड वापरू नका, ओठ कापला जातो.

३. पाइप बघा, आणि नीट बघा

सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पाइप फडक्यानं स्वच्छ पुसा. डस्ट सीलपासून वर टीपर्यंत, चारी बाजूंनी, विशेषतः मागच्या बाजूनं, नख आडवं धरून वरून खाली फिरवा. मग कापसाचा बोळा फिरवा. जिथं कापसाचे धागे अडकले तिथं काहीतरी आहे. सीलखाली येणारा भाग महत्त्वाचा, म्हणजे डस्ट सीलच्या वरचा साधारण वीतभर पट्टा. टीच्या आत किंवा हेडलाइटच्या कव्हरामागं गंज असेल तर तो दिसायला वाईट, पण गळतीला कारण नाही.

काय सापडलं त्यावर पुढचं ठरतं:

नुसता उभा झालेला कण किंवा दगडाचा टवका असेल, तर १००० आणि मग १५०० नंबरच्या वॉटरपेपरनं, तेल लावून, फक्त तेवढाच उंचवटा घासा. घासायचं पाइपभोवती आडवं. वर-खाली घासलंत तर प्रत्येक ओरखडा तेलाला बाहेर यायची वाट होतो.

तिळाएवढा एखाददुसरा खड्डा असेल, तर आधी त्याच्या कडा वरच्यासारख्याच घासून सपाट करा. मग खड्ड्यात इपॉक्सी भरून, पूर्ण वाळल्यावर पाइपच्या पातळीला घासून घ्या. हे चालतं, पण कायमचं समजू नका.

क्रोम सोलून आलं असेल, खाली लालसर गंजाचे पुंजके असतील, तर पाइप बदला किंवा पुन्हा हार्ड क्रोम करून घ्या. मी पाइप बदलला. सीलच्या तीन जोड्या आणि तीन वेळची मजुरी जोडली तर पाइप केव्हाच स्वस्त पडला असता.

कधी समोरून ठोकर बसली असेल तर पाइप वाकलेला असू शकतो. शॉकअप खोलल्यावर पाइप सपाट काचेवर लोळवून बघा. खाली उजेडाची फट कमी-जास्त होताना दिसली तर तो वाकलाय. पाइप सरळ करून देणारे मिळतात. वाक थोडा असेल तर ठीक, पण क्रोमला चीर किंवा सुरकुती पडली असेल तर सरळ करण्याच्या नादाला लागू नका.

४. सामान आणि हत्यारं

पार्ट: ऑइल सील २, डस्ट सील २, बॉटमच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर २, वरच्या टोपीच्या ओ-रिंग २, आणि फोर्क ऑइल (पुढच्या शॉकअपचं तेल). सर्कलिप (सीलला वरून अडवणारी तारेची क्लिप) गंजली असेल तर त्याही २. गळती एकाच बाजूची असली तरी दोन्ही बाजू करा. एका बाजूला नवं तेल आणि दुसरीकडे जुनं, असं केलंत तर दोन्ही पाय दोन तऱ्हेनं वागतात.

सील घेताना जुन्या सीलवरचे तीन आकडे बघा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची. "याच गाडीचं आहे, बसेल" यावर जाऊ नका. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक पाइप बदललेले असतात. नव्या सीलच्या आतल्या ओठाला बारीक गोल स्प्रिंग आहे का ते बघा आणि ओठ बोटानं दाबून बघा. कडक, प्लॅस्टिकसारखा लागला तर परत द्या.

तेलाच्या बाबतीत गाडीच्या पुस्तकात लिहिलेला ग्रेड घ्या. ५डब्ल्यू पातळ, १०डब्ल्यू मधलं, १५ आणि २० घट्ट. एका कंपनीचं १०डब्ल्यू आणि दुसरीचं १०डब्ल्यू सारखंच घट्ट असेल याची खात्री नसते, म्हणून दोन कंपन्यांची तेलं मिसळू नका. "२०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल टाका, काय फरक पडत नाही" असं ऐकवणारे भेटतील. फरक पडतो. शॉकअप दगडासारखा होतो, तेल फेसाळतं, आणि हिवाळ्यात पहाटे गाडी काढल्यावर मनगटं सांगतात.

हत्यारं: रिंग पाने, गोटी पान्यांचा सेट, ६ आणि ८ मिमीच्या ॲलन की (शक्यतो सॉकेटला लागणाऱ्या), लॉक प्लायर, चपटा स्क्रू ड्रायव्हर, रबरी हातोडी, स्टीलची फूटपट्टी, मेडिकलमधली ६० मिलीची सिरिंज आणि तिला बसेल अशी नळी, मिलीच्या खुणांचा ग्लास, चिंध्या भरपूर. टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानं आवळता येणारा) मिळाला तर सोन्याहून पिवळं.

सील ठोकायला पाइपवर सैल सरकेल आणि सीलच्या धातूच्या कडेवर बसेल असा पीव्हीसी पाइपचा तुकडा चालतो. कडा काटकोनात कापलेली हवी. मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून नायलॉनचं कडं काढून घेतलं. त्याला जुनं सील नेऊन दाखवलं, त्यानं मापाचा व्हर्नियर लावला आणि चहा संपायच्या आत हातात दिलं. आपल्या गावात राहायचा हा एक फायदा.

सगळं मिळून खर्च? पाइप चांगला असेल तर चार माणसांच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या ताटांपेक्षा जास्त नाही.

५. गाडी उचला, चाक काढा

मेन स्टँड लावा. इंजिनाखाली लाकडी ठोकळे द्या, पुढचं चाक हवेत हवं. ठोकळा सायलेन्सरखाली नको. गाडी हलवून बघा, डळमळली तर पुढं जाऊ नका.

डिस्क असेल तर ब्रेकचा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) काढून हँडलला तारेनं टांगा. ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही. पॅडच्या मध्ये पुठ्ठा सरकवा आणि घरच्यांना सांगून ठेवा की ब्रेकच्या लिव्हरला हात लावू नका. माझ्या पुतण्यानं बसल्या-बसल्या लिव्हर दाबली आणि पिस्टन बाहेर आले. ते आत ढकलायला अर्धा तास गेला. ड्रम ब्रेक असेल तर केबल आणि स्पीडोमीटरची केबल काढा. मग ॲक्सल, चाक, मडगार्ड. ॲक्सलच्या बाजूचे बुश आणि वॉशर ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं तारेत ओवून ठेवा. शक्य झालं तर मोबाइलवर फोटो काढा.

६. आधी ढिलं, मग बाहेर

नवखा माणूस हमखास इथंच अडकतो.

शॉकअप टीमधून बाहेर काढला आणि मग टोपी खोलायला गेलात, तर पाइप हातात गोल-गोल फिरतो. म्हणून वरच्या टीचा आवळबोल्ट आधी ढिला करा, खालच्या टीचा घट्टच ठेवा, आणि टोपी जागच्या जागी पाव फेरा सोडा. वरचा आवळबोल्ट घट्ट ठेवून टोपी सोडायला गेलात तर तिचे आटे धरून बसतात. काही गाड्यांत आटे नसतात, टोपीच्या खाली तारेची रिंग असते. तिथं टोपी आत दाबून धरून रिंग काढायची. रिंग सुटली की स्प्रिंग टोपीला वर फेकते. तोंड बाजूला ठेवा, वरून चिंधी धरा.

दुसरा बोल्ट बॉटमच्या तळाशी, ॲलनचा. त्याच्या खड्ड्यात चिखल ठासून भरलेला असतो. तो खिळ्यानं टोकरून काढा, नाहीतर की अर्धीच बसते आणि कोन गोल होतात. हा बोल्ट आत सीट पाइपला धरलेला असतो. वरून स्प्रिंगचा दाब आहे तोवर सीट पाइप जागेवर राहतो आणि बोल्ट सुटतो. स्प्रिंग काढलीत की सीट पाइपही बोल्टबरोबर फिरायला लागतो. मग बोल्ट दिवसभर फिरवा, बाहेर येत नाही. म्हणून टोपी पूर्ण काढायच्या आधीच हा बोल्ट पाव फेरा सोडा. एवढ्यावर तेल ठिपकेल, खाली ताट ठेवा.

फिरायलाच लागला तर? दुसऱ्या माणसाला पाइप आत दाबून धरायला सांगा, स्प्रिंगचा दाब वाढतो आणि बहुतेक वेळा सुटतो. नाहीच सुटला तर शॉकअप पिशवीत घालून टायरवाल्याकडं जा. त्याच्या एअर गनचा एक झटका पुरतो.

आता दोन्ही टीचे बोल्ट सोडून शॉकअप पिळत-पिळत खाली ओढा. त्याआधी वरच्या टीच्या वर पाइप किती बाहेर होता ते फूटपट्टीनं मोजून भिंतीवर लिहा. बसवताना तोच आकडा लागतो.

७. तेल काढा आणि त्याच्याकडं बघा

टोपी काढा, स्प्रिंग बाहेर घ्या. स्प्रिंगचे वेटोळे एका टोकाला दाट असतील तर ते टोक वर होतं की खाली ते लिहून ठेवा. शॉकअप उलटा धरून आठ-दहा वेळा पंपासारखा दाबा.

राखाडी, चंदेरी झाक असलेलं तेल म्हणजे आतलं ॲल्युमिनियम झिजतंय. अगदी थोडी झाक चालते. दुधाळ म्हणजे पाणी. काळं आणि कुबट वासाचं म्हणजे नुसतं म्हातारं. किती निघालं ते मोजा. दोन्ही बाजूंचा फरक मोठा असेल तर गळतीचा इतिहास कळतो.

हे तेल गटारात ओतू नका. आपल्याकडची गटारं नाल्यांतून शेवटी पंचगंगेला मिळतात. डब्यात भरा आणि जुनं इंजिन ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

८. खोला, धुवा, तपासा

डस्ट सील उचला, त्याखालची सर्कलिप लॉक प्लायरनं किंवा टोकदार स्क्रू ड्रायव्हरनं काढा. तळाचा बोल्ट पूर्ण काढा. काही शॉकअपमध्ये पाइप सरळ ओढला की बाहेर येतो आणि सील बॉटममध्येच राहतं. काहींत बुश असतात, तिथं पाइप झटक्यानं बाहेर खेचायचा. चार-पाच झटक्यांत सील आणि बुश पाइपबरोबर निघतात.

सील बॉटममध्ये राहिलं असेल तर ते उचकटताना बॉटमच्या काठावर लाकडाचा तुकडा किंवा जाड फडकं ठेवा आणि त्याचा टेकू घ्या. स्क्रू ड्रायव्हर थेट ॲल्युमिनियमवर टेकवला तर काठ चेपतो, आणि नवीन सील बाहेरच्या अंगानं गळतं. हलतच नसेल तर बॉटमच्या वरच्या भागावर उकळतं पाणी ओता. ॲल्युमिनियम फुगतं, सीलची पकड सैल होते. गॅसच्या शेगडीवर धरणारे महाभाग मी बघितलेत. तेल, रंग आणि आग, तिघांना एकत्र आणू नका.

सगळं डिझेलनं धुवा आणि पूर्ण वाळवा. पेट्रोल वापरायचंच असेल तर उघड्यावर, आणि जवळ विडी-सिगारेट ओढणारा कुणी नको. बॉटमच्या तळाशी लगदा साठलेला असतो, चिंधी काठीला गुंडाळून आतून फिरवा. सीट पाइपची भोकं मोकळी आहेत का, त्याच्या डोक्यावरची रिंग तुटली नाही ना, बुशांचा राखाडी थर सोलून खालचं तांबं दिसत नाही ना, एवढं बघा. दोन्ही स्प्रिंगा शेजारी उभ्या करा. एक आखूड दिसली तर जोडी बदला.

९. सील बसवणं

सीट पाइप त्याच्या छोट्या स्प्रिंगसकट पाइपमध्ये घाला, खालचा तुकडा सीट पाइपच्या बाहेर आलेल्या टोकावर बसवा, मग पाइप बॉटममध्ये सरकवा. तांब्याचा नवीन वॉशर लावून तळाचा बोल्ट बसवा, आट्यांना थ्रेड लॉकचा (बोल्ट सुटू न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब. फिरत असेल तर तात्पुरती स्प्रिंग आणि टोपी घालून दाब द्या आणि आवळा. बऱ्याच कम्युटर गाड्यांत हा बोल्ट २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या गाडीचं पुस्तक सांगेल तेच खरं. बुश असतील तर सीलच्या आधी बुश, मग वॉशर.

पाइपच्या वरच्या काठावर धार असते. तीवरून सील सरळ ढकललंत तर ओठ तिथंच कापला जातो आणि ते कळतं आठ दिवसांनी. दुधाची रिकामी पिशवी पाइपच्या तोंडावर ताणून बसवा, तिला फोर्क ऑइल चोळा, सीलच्या ओठालाही चोळा आणि मगच सरकवा. आकडे लिहिलेली बाजू वर. ओठाची छोटी स्प्रिंग दिसणारी बाजू तेलाकडं, म्हणजे खाली.

मग ते नायलॉनचं कडं किंवा पीव्हीसीचा तुकडा सीलवर ठेवून, सगळीकडून सारखे, हलके ठोके. सुरुवातीला आवाज भद् भद् येतो. सील तळाला टेकलं की आवाज बदलतो, टण् असा धातूचा होतो. त्यावरही विसंबू नका. सर्कलिपची खाच चारी बाजूंनी पूर्ण उघडी दिसली पाहिजे. पहिल्यांदा माझी खाच एका बाजूला अर्धीच उघडी होती. क्लिप बसली असं मला वाटलं. गगनबावड्याच्या रस्त्यावर, कळे गावाच्या पुढं एका खड्ड्यात क्लिप, सील आणि डस्ट सील तिन्ही वर आले आणि उजवा बूट तेलानं भरला. घरी येईस्तोवर ब्रेक मारायची भीती वाटत होती. क्लिप बसल्यावर ती खाचेत फिरवून बघा. सहज फिरली तरच बसलीय. मग डस्ट सील.

१०. तेल भरणं

१०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांत एका शॉकअपला साधारण दीडशे ते दोनशे मिली लागतं. अचूक आकडा पुस्तकातून घ्या. पुस्तकात कधी दोन आकडे असतात: नुसतं तेल बदललं तर कमी, पूर्ण खोलून वाळवलं तर जास्त. तुम्ही खोललंय, म्हणून मोठा आकडा.

एवढं काटेकोर कशाला? तेलाच्या वरची कोंडलेली हवासुद्धा स्प्रिंगसारखं काम करते. पाइपचा आतला व्यास २६ मिमी धरला तर १० मिली तेलानं पातळी जवळजवळ १९ मिमी सरकते. म्हणजे अर्ध्या कपाच्या अंदाजानं ओतलेलं तेल एका बाजूला हवा कमी ठेवतं, ती बाजू कडक होते, आणि फारच जास्त झालं तर दाबानं नवीन सील उडवते. "गळून-गळून कमी होईल, जरा जास्तच टाकूया" हा विचार तिथंच सोडा.

शॉकअप उभा धरा. आधी चारातले तीन हिस्से तेल ओता, पाइप हळूहळू वर-खाली करा. सुरुवातीला मध्येच पोकळ लागतो, हवा आहे तोवर. दहा-पंधरा वेळा केल्यावर जोर सगळीकडं सारखा लागतो. उरलेलं तेल ओता आणि दहा मिनिटं तसाच भिंतीला टेकवून ठेवा, बुडबुडे वर येऊ द्या.

पुस्तकात पातळी मिमीमध्ये दिली असेल तर तीच पाळा. मोजताना स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली दाबलेला, शॉकअप अगदी उभा. पाइपच्या काठापासून तेलापर्यंत मोजायचं. सोपी युक्ती अशी: सिरिंजच्या नळीवर हव्या त्या मापाला टेप गुंडाळा, टेप काठावर टेकवा आणि ओढा. जास्तीचं तेल आपोआप निघतं, हवा ओढायला लागली की थांबा. दोन्ही बाजूंची पातळी सारखी आली पाहिजे.

पाइप वर ओढा, स्प्रिंग जशी होती तशी घाला, टोपीला नवीन ओ-रिंग लावा. टोपी हातानं दाबत-दाबत आट्यावर धरा. आडवी बसली तर जोर लावू नका, उलटी फिरवून "टक्" झालं की सुलट फिरवा.

११. परत बसवणं

शॉकअप टीमध्ये घाला, भिंतीवर लिहिलेल्या मापाला आणा, खालच्या टीचा बोल्ट आवळा. आता टोपी पूर्ण आवळा. शेवटी वरच्या टीचा आवळबोल्ट. मडगार्ड, चाक, ॲक्सल, तारेत ओवलेले बुश त्याच क्रमानं.

चाक बसवताना ॲक्सलचं नट आवळा, पण बॉटमच्या टोकाशी ॲक्सलला धरणारा आवळबोल्ट असेल तर तो अजून सैल ठेवा. कॅलिपर बसवा, ठोकळे काढा, गाडी जमिनीवर घ्या. मग ब्रेकची लिव्हर दाबत राहा, पॅड डिस्कला भिडून लिव्हर कडक होईपर्यंत. हे विसरून गेटबाहेर पडलात तर पहिल्या वळणाला ब्रेकच नसतो. लिव्हर कडक झाल्यावर ब्रेक धरून गाडी पाच-सहा वेळा जोरात दाबा. दोन्ही पाय आपापल्या जागी बसतात. आता तो आवळबोल्ट घट्ट करा. आधीच आवळला असता तर शॉकअप वाकडे धरले गेले असते आणि नवं सील एका बाजूनं घासलं असतं.

डिस्कवर तेलाचा हात लागला असेल तर ब्रेक क्लीनरनं पुसा. पॅडला तेल लागलं असेल तर पॅड बदला, धुऊन भागत नाही.

१२. चाचणी

डस्ट सीलला अगदी चिकटून पाइपवर एक प्लॅस्टिकचा केबल टाय सैल बांधा. पहिली फेरी रंकाळ्याला, संथ. मोकळ्या जागी हलके, मग जरा जोराचे ब्रेक. केबल टाय किती वर सरकला ते बघा. साध्या ब्रेकला पार टोकाला गेला तर तेल कमी आहे. जेमतेम दोन बोटं सरकला आणि हात हादरले तर तेल जास्त किंवा फार घट्ट.

पहिल्या दिवशी पाइपवर तेलाची धूसर झाक येईल, ती बसवताना चोळलेल्या तेलाची. पुसा. दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याला जाऊन या, वीसेक किलोमीटर आहे आणि उतरताना पुढच्या ब्रेकची खरी परीक्षा होते. परत आल्यावर पाइप कोरडा असेल तर जमलं. पुन्हा कडं आलं असेल तर नवीन सील आणायला धावू नका. तिसऱ्या पायरीवर या आणि नख पुन्हा फिरवा, या वेळी चांगल्या उजेडात.

दोनशे किलोमीटरनंतर टीचे, ॲक्सलचे आणि कॅलिपरचे बोल्ट एकदा तपासा. गाडी धुताना प्रेशरचं पाणी डस्ट सीलवर धरू देऊ नका. वॉशिंगवाल्याला तोंडानं सांगावं लागतं, तो स्वतःहून टाळत नाही. पावसाळ्यात रात्री गाडी लावताना ओल्या फडक्यानं पाइप पुसा, माती वाळायच्या आत. मी सीटखाली एक फडकं आणि एक कागद ठेवतो. कागदावर तारीख, किलोमीटर, तेलाचा ग्रेड आणि दोन्ही बाजूंची पातळी लिहिलेली. पुढच्या वेळी पुस्तक शोधावं लागत नाही.